"मामा, तू विचार काऊन करून राहिला?" : बुद्धिबळाची फटाफट पझल्स कशी सुटतात

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. हरभऱ्याला ओलीत सुरू होतं, शेतीची लाईन त्या आठवड्यात रातची होती, म्हणजे बाराला मोटर चालू करायची, स्प्रिंकलर फिरू द्यायचे आणि पाईप बदलायची वेळ होईस्तोवर शेकोटीपाशी बसून राहायचं, मधूनमधून रानडुकरं तर नाही ना घुसली म्हणून टॉर्च मारायचा. अशा वेळी माणूस मोबाईलच काढतो. मी लिचेस नावाच्या बुद्धिबळाच्या ॲपवर पझल स्टॉर्म खेळून राहिलो होतो, तीन मिनिटांत जेवढी सुटतील तेवढी पझल्स सोडवायची, आणि माझा आकडा १५-१६ च्या वर जातच नव्हता, दोन महिने झाले होते. बाजूला बहिणीचा पोरगा, आठवीतला, सुट्टीचे दोन दिवस म्हणून आलेला, गोधडी पांघरून माझ्या खांद्यावरून पाहून राहिला होता. थोड्या वेळानं म्हणे, "मामा, तू विचार काऊन करून राहिला? विचार नाई करायचा, दिसलं का मारायचं." मग फोन हिसकला अन् त्यानं २३ काढले.

राग आला, खोटं काऊन बोलू. पण दुसऱ्या दिवशी पऱ्हाटीतून चालता चालता डोक्यात तेच फिरत होतं आणि मला वाटलं पोट्टं अर्धं खरं बोलून गेलं. कोणतं अर्धं खरं आणि कोणतं अर्धं गडबडीचं, ते सांगायसाठी हे लिहून राहिलो. गावात आता बरेच पोरं मोबाईलवर चेस खेळतात, नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमीला वयाच्या १९ व्या वर्षी महिलांचा वर्ल्ड कप जिंकला, फायनलला समोर कोनेरू हंपी, आणि त्याच विजयानं ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून तर जास्तच. पण पझलवर पोरं तुटून पडतात आणि महिनाभरात कंटाळतात, कारण आकडा एका जागी बसतो अन् हलत नाही.

आधी पझल म्हणजे काय ते. पूर्ण डाव नसतो, डावाचा मधलाच तुकडा पटावर मांडून देतात आणि म्हणतात, आता तुझी चाल, इथून जिंक. कधी मात असते, कधी समोरच्याचा वजीर किंवा हत्ती फुकटात मिळतो, कधी नुसतं एक प्यादं वजीर बनायला पळतं. आणि बहुतेक वेळा बरोबर चाल एकच असते, बाकी सगळ्या चुकीच्या. ही पझल्स कोणी खोलीत बसून रचलेली नसतात बरं का. लिचेसवर लोकांनी जे खरे डाव खेळले त्यातूनच कॉम्प्युटर ती शोधून काढतो, स्टॉकफिश नावाचं इंजिन डाव तपासतं आणि जिथं एकानं घोळ केला आणि दुसऱ्याला जिंकायची एकच वाट होती, ती जागा उचलतं. म्हणजे तुम्ही जे पझल सोडवून राहिले ते कुणाच्या तरी फजितीचं आहे, असं समजून चाला, पुढे याचा उपयोग आहे.

फटाफटचे प्रकार दोन-तीन आहेत. चेस डॉट कॉमवर पझल रश, तिथं तीन किंवा पाच मिनिटं मिळतात, तीन चुका झाल्या की खेळ खलास. लिचेसवर स्टॉर्म, तिथं चुकीनं खेळ संपत नाही पण प्रत्येक चुकीला घड्याळातले १० सेकंद कापले जातात, उलट लागोपाठ बरोबर चाली खेळत गेलं तर वरून सेकंद मिळतात. आणि स्ट्रीक म्हणून एक आहे, त्यात घड्याळच नाही, पण एक चूक झाली की घरी. तिन्हीत सुरुवातीला सोपी सोपी येतात, एका चालीत मात वगैरे, मग हळूहळू कठीण होत जातात.

आता तो अर्धा खरा भाग. भाचा म्हणे विचार नाही करायचा. तुम्ही पऱ्हाटीतून चालता तेव्हा डोमकळी शोधता का? गुलाबी बोंडअळी फुलात शिरली की पाकळ्या आतून बांधून टाकते, फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं बंद राहतं. ज्यानं चार हंगाम पऱ्हाटी पाहिली त्याला सरीतून नुसतं चालत जाताना ते फूल आपोआप दिसतं, तो मोजत नाही, तपासत नाही, नजर तिथंच जाऊन अडते. आणि शहरातून आलेल्या पाहुण्याला तुम्ही बोट दाखवलं तरी तो म्हणतो, फूलच तर आहे. पझलचा वेग म्हणजे एवढंच आहे. चांगला खेळणारा माणूस आपल्यापेक्षा जोरात विचार करत नाही, त्याला आधीच दिसलेलं असतं.

यावर अभ्यासही झालेला आहे. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन, दोघे अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे, सायमनला पुढे १९७८ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी १९७३ मध्ये एक प्रयोग छापला. खऱ्या डावातला पट फक्त ५ सेकंद दाखवायचा, झाकायचा, आणि मग दुसऱ्या पटावर तसाच मांडायला लावायचा. मास्टरनं पहिल्याच नजरेत साधारण १६ मोहरे बरोबर मांडले, नवख्याला ४ च्या आसपासच जमले. लोक म्हणतील मास्टरची मेमरी तगडी. पण मग त्यांनी तेच मोहरे पटावर कसेही, अर्थ नसलेल्या जागी ठेवून दाखवले, आणि मास्टर आणि नवखा जवळजवळ एका ओळीत आले. म्हणजे मास्टरला एकेक मोहरा आठवत नव्हता, तो पटाकडे गठ्ठ्यांनी पाहतो, "हा किल्ल्यातला राजा, तीन प्यादी, बाजूला हत्ती" हा त्याला एकच गठ्ठा. जसं आपल्याला "नागपूर" वाचताना न, काना, ग असं वाचावं लागत नाही. असे किती गठ्ठे मास्टरच्या डोक्यात असतात, तर सायमनचा अंदाज १० हजार ते १ लाखाच्या मधला होता.

म्हणून भाच्याचं "दिसलं का मारायचं" हे चूक नाही, फक्त त्याला दिसायचं एवढंच जेवढं त्यानं आधी पाहिलेलं होतं, आणि त्याच्यापुढं गाडी गेली की तो नुसता बोटं मारत होता. २३ च्या आकड्यात त्याच्या सहा चुका होत्या, ते त्यानं सांगितलं नाही, मी नंतर पाहिलं.

एक उदाहरण नीट करू, पट असला तर मांडूनच घ्या, नाहीतर कागदावर. उभ्या ओळी डावीकडून ए ते एच, आडव्या खालून १ ते ८, खाली पांढरे. पांढऱ्याचा राजा जी१, त्याच्यापुढं प्यादी एफ२, जी२, एच२, हत्ती ई१ वर आणि वजीर त्याच्याच पुढं ई२ वर. काळ्याचा राजा जी८, पुढं प्यादी एफ७, जी७, एच७, हत्ती डी८ वर, वजीर बी६ वर. चाल पांढऱ्याची.

काळ्या राजाकडं पाहा, तीन प्याद्यांच्या मागं बसला आहे, समोरून कोणी येणार नाही म्हणून खुश, पण त्याला बाहेर यायलाही वाट नाही. आपण घरी पुढचं दार मजबूत करतो आणि मागच्या आवारातून चोर येतो तसं. आठव्या ओळीवर शह बसला की खेळ संपला. ती ओळ कोण राखून राहिलं? एकटा डी८ चा हत्ती. आणि आपले ई८ वर जाऊ शकणारे किती? वजीर आणि त्याच्यामागं हत्ती, दोन. तर वजीर सरळ ई८ वर नेऊन शह द्यायचा, फुकट. काळ्याला दुसरा इलाज नाही, राजाला घर नाही, मधे आडवं यायला कोणी नाही, हत्तीनं वजीर मारावाच लागतो, आणि मग आपला हत्ती ई८ वर मारतो आणि मात. वजीर गेला पण डाव आपला. याला बॅक रँक मेट म्हणतात, आपण मागच्या ओळीची मात म्हणू, आणि फटाफट पझलमध्ये ही इतक्या वेळा येते की ही एकटी पक्की केली तरी आकडा हलतो.

आता फक्त एक करा. काळा वजीर बी६ वरून उचला आणि शेजारच्या सी६ वर ठेवा. बाकी सगळं तसंच. तेच पझल आहे का? घाईत असलेल्या माणसाला तेच दिसतं, राजा तसाच, प्यादी तशीच, हत्ती तसाच, बोट आपोआप ई८ कडे जातं. पण सी६ वरून वजिराला तिरपं डी७, ई८ दिसतं. म्हणजे आता राखणारे दोन झाले. तुम्ही वजीर टाकला, हत्तीनं मारला, तुमच्या हत्तीनं मारला, आणि काळ्या वजिरानं तुमचा हत्तीही उचलला. वजीर गेला, हत्तीही गेला, बदल्यात मिळाला एक हत्ती, आणि पटावर तुमचा राजा तीन प्याद्यांसोबत बसून राहिला.

एक घर. वजीर बी६ वर की सी६ वर, एवढ्या फरकात जिंकणं आणि सगळं गमावणं आहे. माझ्या दोन महिन्यांच्या १५-१६ चं कारण हेच निघालं. मला आकृती ओळखू येत होती, अडचण ती नव्हती, ओळखू आली की मी लगेच मारत होतो, आणि समोरचा दूरचा मोहरा, वजीर किंवा उंट, जो पटाच्या दुसऱ्या कोपऱ्यातून तिरपा पाहून राहिला असतो, तो मला दिसतच नव्हता. भाचा म्हणे विचार नको, मी म्हणत होतो विचार पाहिजे, आणि दोघंही एका गोष्टीत गंडत होतो. आकृती ओळखायला विचार लागत नाही, बरोबर. पण ओळखल्यावर "इथं राखणारा अजून कोणी आहे का" ही एक नजर टाकायलाच लागते, त्याला एक सेकंद लागतो, फार तर दोन. आणि चुकीला १० सेकंद कापतात, वर मिळणारे बोनस सेकंद तुटतात ते वेगळंच. सोपं पझल चार सेकंदांत सुटत असेल तर एका चुकीत दोन-अडीच पझल्स गेली, हिशेब करा.

बाकीच्या आकृत्या लवकर लवकर सांगतो, नावं सगळीकडे इंग्रजीच चालतात.

फोर्क म्हणजे एकाच मोहऱ्यानं दोघांवर एकदम हल्ला, त्यात सगळ्यात बदमाश घोडा, अडीच घरं चालतो म्हणून नजरेला सरळ रेषेत सापडत नाही. काळा राजा ई८ वर, हत्ती ए८ वर, आपला घोडा डी५ वर, सी७ राखायला कोणी नाही, तर घोडा सी७ वर मारा, राजाला शह आणि हत्तीवरही डोळा, राजा हलणार आणि हत्ती आपला. यात एक युक्ती आहे जी मला फार उशिरा कळली. घोडा प्रत्येक चालीला घराचा रंग बदलतो, काळ्या घरावर असला तर मारा पांढऱ्या घरांवरच. म्हणजे समोरचा राजा आणि वजीर एकाच रंगाच्या घरावर असतील तरच घोडा दोघांना एकदम धरू शकतो, वेगवेगळ्या रंगावर असतील तर फोर्क शोधत बसू नका, नसतोच. स्टॉर्ममध्ये हे लय कामी येतं.

पिन म्हणजे खुंटीला बांधणं. मोहरा हलला तर मागचा राजा किंवा वजीर उघडा पडतो म्हणून तो जागचा हलत नाही, आणि जो हलू शकत नाही तो राखणही करू शकत नाही, हे दुसरं वाक्य पोरं विसरतात. स्क्यूअर त्याच्या उलट, मोठा मोहरा पुढं, तो हटला की मागचा मिळतो. उघडा शह, म्हणजे पुढचा मोहरा सरकला आणि मागच्याचा शह लागला, हा तर सरकणाऱ्या मोहऱ्याला एक फुकटची चाल देतो, तो जाऊन काहीही मारू शकतो.

ओव्हरलोड मात्र मला आवडतो कारण तो माझाच धंदा आहे. एकाच जागल्याकडे दोन वावरं दिली की काय होतं? रोही या धुऱ्यावरून आले म्हणून तो इकडं धावला की डुकरं तिकडच्या तुरीत घुसतात. पटावर तसंच, काळ्याचा एकच हत्ती मागची ओळही राखून राहिला आणि मधला घोडाही राखून राहिला, तर तुम्ही त्या घोड्यालाच मारा. हत्तीनं तुम्हाला मारलं की तो ओळीवरून हटला आणि मागून मात. नाही मारलं तर घोडा फुकट. पझल सुटत नसेल तर मी आता हाच प्रश्न विचारतो, यांच्यात डबल ड्युटीवाला कोण आहे.

आणि एक जुनी गंमत, स्मदर्ड मेट, कोंडून मात. काळा राजा एच८ वर कोपऱ्यात, पुढं जी७ आणि एच७ ची प्यादी, हत्ती डी८ वर. आपला वजीर सी४ वर, घोडा जी५ वर. घोडा एफ७ वर, शह. राजा जी८ वर येतो. घोडा एच६ वर, आता घोड्याचाही शह आणि मागून वजिराचाही, दुहेरी, म्हणजे राजालाच हलावं लागतं. एफ८ वर गेला तर वजीर एफ७ वर आणि मात. म्हणून तो परत एच८ वर जातो. आणि आता वजीर जी८ वर, राजाच्या अगदी कुशीत, शह. राजा मारू शकत नाही कारण एच६ चा घोडा राखून आहे, हत्तीला मारावं लागतं, आणि हत्ती येऊन बसला की राजाला आपल्याच लोकांनी कोंडलं, घोडा एफ७ वर आणि मात. गोठ्यात आपल्याच ढोरांच्या गर्दीत अडकल्यासारखा. १४९७ साली स्पेनमध्ये छापलेल्या लुसेनाच्या पुस्तकातही ही मात आहे, म्हणजे सव्वापाचशे वर्षं झाली आणि लोक अजून तिच्यात सापडून राहिले, तेव्हा तुम्ही सापडले तर लाजू नका. इथं आपल्या चार चाली आहेत पण ओळखणाऱ्याला ती एकच वस्तू दिसते, म्हणून तो पाच सेकंदांत खेळतो.

आकृती दिसलीच नाही तर काय करायचं, हा खरा प्रश्न. तेव्हा पहिलं, समोरच्याची शेवटची चाल पाहा. लिचेसवर पझल उघडलं की आधी समोरचा एक चाल खेळताना दिसतो, मग तुमची पाळी येते, आणि पोरं ती चाल पाहतच नाहीत, जाहिरात संपायची वाट पाहिल्यासारखं करतात. मघाशी म्हटलं ना हे कुणाच्या तरी फजितीचं आहे, तर ती फजिती बहुतेक त्या चालीतच असते. तो मोहरा जिथून उठला तिथं काय राखत होता? कोणती ओळ उघडी पडली? निम्मी उत्तरं तिथंच पडलेली असतात.

मग दुसरं, आधी सगळे शह पाहा, मग सगळी मारामारी पाहा, मग धमक्या. याच क्रमानं, कारण शहाला समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं, त्याच्याकडे पर्याय कमी, म्हणून आपल्याला मोजायलाही कमी. आणि "सगळे" म्हणजे सगळे, मूर्खपणाचे वाटणारे पण, वजीर फुकट जातो असे पण. मघाची ई८ ची चाल साध्या नजरेला मूर्खपणाचीच होती. आपण घरचे शिस्तीचे लोक, वजीर फेकायला हात धजत नाही, पझलमध्ये तो धजावा लागतो.

सरावाचं म्हणाल तर मी काय केलं ते सांगतो, प्रत्येकाचं वेगळं असेल. महिनाभर स्टॉर्म बंद केलं. रोज १५ पझल्स, घड्याळ नाही, आणि नियम असा की पूर्ण उत्तर डोक्यात शेवटपर्यंत दिसल्याशिवाय बोट लावायचं नाही, समोरच्याचं सगळ्यात चांगलं उत्तर धरून. चुकलेलं पझल वहीत, म्हणजे पऱ्हाटीच्या वेचणीचा हिशेब लिहितो त्याच वहीच्या मागच्या पानांवर, आकृती नाही काढायची, फक्त काय चुकलं ते चार शब्दांत: "दूरचा उंट नाही पाहिला", "मधे आडवा येऊ शकत होता", "माझाच घोडा पिन होता". पंधरा दिवसांत पानावर "दूरचा" हा शब्द इतक्या वेळा आला की मलाच हसू आलं. लिचेसवर विषयवार पण सोडवता येतात, नुसते फोर्क, नुसत्या मागच्या ओळीच्या माता, आठवड्याला एक विषय धरला. सोपीच घेतली मुद्दाम, कारण गठ्ठे सोप्यातूनच भरतात, कठीण पझल म्हणजे दोन-तीन सोपे गठ्ठे एकात एक अडकवलेले. लिचेस फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि मोबाईलवर थोडी पझल्स आधी उतरवून ठेवते, वावरात नेट जातं तेव्हा ते बरं पडतं. मग परत स्टॉर्म लावलं. पहिल्या दिवशी १९, आठवड्यात २४. भाच्याला स्क्रीनशॉट पाठवला, त्यानं अंगठा पाठवला नुसता.

ज्यांना हात आवरत नाही त्यांनी स्टॉर्मऐवजी स्ट्रीक खेळावं असं माझं मत, एक चूक अन् संपलं, बोट आपोआप सुधारतं.

रेटिंगचं एक सांगून टाकतो कारण गावात यावरून भांडणं होतात. पझलचं रेटिंग म्हणजे तुमचा आणि पझलचा सामना असतो, दोघांना आकडा असतो. तुम्ही सोडवलं तर तुमचा वाढतो, पझलचा उतरतो, नाही सुटलं तर उलट, कुस्तीसारखं. म्हणून पझल कठीण की सोपं हे कुणी मास्तर ठरवत नाही, हजारो लोक त्याच्याशी लढून ठरवतात. पण पझलचं १९०० म्हणजे खेळाचं १९०० नाही, बहुतेकांचं पझलचं रेटिंग खेळाच्या रेटिंगपेक्षा चांगलंच वर असतं, माझंही आहे. कारण सरळ आहे, पझलमध्ये तुम्हाला माहीत असतं की इथं काहीतरी आहे. कोणीतरी येऊन सांगितलं की या ढिगाऱ्यात नाणं आहे तर कोणीही ढिगारा उपसेल. खऱ्या डावात कोणी सांगत नाही.

१२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, वर्ल्ड चॅम्पियनशिपचा चौदावा डाव, गुकेश आणि चीनचा तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन साडेसहा-साडेसहावर. डाव बरोबरीकडे चालला होता, गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं पण तेवढ्यानं जिंकणं कठीण. डिंगनं ५५ व्या चालीला हत्ती एफ२ वर आणला. ही चूक होती, आणि कसली, तर अगदी पझलातली. हत्तीला हत्ती मारून घ्यायचा, मग उंट डी५ वर आणायचा, डिंगचा उंट ए८ च्या कोपऱ्यात असल्यानं त्याला पळायला जागा नाही, उंटाला उंट कटणार, आणि उरले नुसते राजे आणि प्यादी, तिथं एक जास्तीचं प्यादं डाव जिंकून देतं. हेच चित्र ॲपवर "पझल" म्हणून आलं असतं तर आपल्यातले कितीतरी जण सोडवतील. पण गुकेशनं नंतर सांगितलं की त्यालाही ते लगेच दिसलं नव्हतं, तो दुसरीच चाल खेळायच्या बेतात होता. मग दिसलं, आणि १८ व्या वर्षी तो जगज्जेता. पटावर कोणी घंटा वाजवली नव्हती. म्हणून मी आता डाव खेळतानाही प्रत्येक चालीला मनात म्हणतो, समज हे पझल आहे, तर काय असेल. नाही जमत दरवेळी. मागच्याच महिन्यात तालुक्याला एका छोट्या टूर्नामेंटमध्ये मागच्या ओळीचीच मात खाल्ली, हा एवढा लेख लिहिणाऱ्यानं.

गावात आमचे आबाजी आहेत, पंच्याहत्तरीच्या पुढचे, जुन्या देशी नियमांचे. त्यांच्यात प्यादं एकच घर चालतं, कधीच दोन नाही, आणि राजाला किल्ल्याऐवजी एकदा घोड्याची उडी मिळते. त्यामुळं पोरांचं आणि त्यांचं जमत नाही, कारण प्यादं दोन घरं चाललंच नाही तर ते आँ पासाँचं मारणं, म्हणजे दोन घरं चाललेल्या प्याद्याला शेजारच्या प्याद्यानं जाता जाता मारणं, कुठून येणार, आणि पोरं ते त्यांना समजावत बसतात. मोबाईलवरची पझल्स त्यांनी कधी पाहिली नाहीत. संक्रांतीला भाचा परत आला होता तेव्हा त्यांच्या ओट्यावर लाकडी पट घेऊन बसलो, आणि त्यानं मुद्दाम ते बी६ वालं चित्र मांडलं, मोबाईलचं स्टॉपवॉच चालू करून मांडीखाली ठेवलं.

आबाजीनं अडकित्ता बाजूला ठेवला. "खेळी कोनाची?"

"पांढऱ्याची."

बराच वेळ काही नाही. मग बोटानं काळ्या वजिराला हात न लावता वरूनच रेघा ओढल्यासारखं केलं, इकडं एक, तिकडं एक. "हा काया वजीर कुठी पाहून राह्यला? इथं नाई दिसत ना त्याले?"

"नाई दिसत."

मग त्यांनी पांढरा वजीर उचलला आणि ई८ वर ठेवला, जोरात, लाकडावर लाकूड वाजलं.

भाच्यानं मांडीखालून फोन काढला. "आबाजी, ५२ सेकंद लागले तुम्हाले."

"मंग? गाडी सुटून राह्यली का तुही?"